आरसा कोण पुसणार?

हजीरा म्हणजे कुंपण, त्यातही कबरीभोवतीचे. ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालच्या ज्या वस्तीला हे नाव मिळाले तिथे सोळाव्या शतकातले सूफी संत मुहम्मद गौस यांचा मकबरा आहे आणि त्याच आवारात तानसेनाची समाधी. आज मात्र हजीरा म्हटले की चौकातली गर्दी, शेजारच्या बिर्लानगरातली कधीची बंद पडलेली जे. सी. मिल आणि सिव्हिल हॉस्पिटल आधी डोळ्यांपुढे येते. म्हणजे अर्ध्या तासाच्या पायपिटीत एक चारशे वर्षांहून जुने स्मारक आणि एक चालते रुग्णालय. करोनाच्या साथीनंतर रुग्णालयाच्या बागेत आठवणीसाठी शिल्प उभारायची कल्पना बऱ्याच देशांत पुढे आली आणि तिच्यासाठी एक साचा सहज सुचतो: आरशासारखे लखलखते पोलाद, ज्यात आकाश दिसावे, झाडे दिसावीत, बघणाराही दिसावा. हजीऱ्याच्या रुग्णालयाच्या आवारात असे काही करायचे ठरलेच, तर शिल्पकार कोण हा प्रश्न मागाहून विचारला तरी चालेल. आधी हे विचारावे की ते रोज पुसणार कोण. हा प्रश्न खर्डेघाशीचा वाटतो खरा, पण स्मारक जगते की मरते ते त्याच्याच उत्तरावर ठरते, असे माझे म्हणणे आहे.

या साच्याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे आहे. शिकागोतले त्यांचे 'क्लाउड गेट' २००६ साली पूर्ण झाले. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडून, सांधे घासून नाहीसे केलेले सुमारे शंभर टनांचे ते धूड आहे. पण त्याचा खालचा माणूसभर उंचीचा भाग दिवसातून दोनदा हाताने पुसावा लागतो, कारण लोक हात लावतात आणि बोटांचे ठसे उमटतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या, लू आणि धूळ खाणाऱ्या ग्वाल्हेरात असा पत्रा आठवडाभरात मळका दिसेल, आणि पुसायला गेलेल्याचा हात दुपारी भाजेल. पत्रा आतल्या बाजूला वळलेला असेल तर आणखी वाईट. लॉस एंजेलिसच्या डिस्ने संगीतगृहाचे चकाकते पत्रे शेजाऱ्यांना उष्णतेचा त्रास झाल्यामुळे २००५ साली घासून मंद करावे लागले. लंडनमध्ये २०१३ साली एका अंतर्वक्र काचेच्या इमारतीने रस्त्यावर उभ्या मोटारीचे भाग वितळवले. शिवाय रुग्णालयात आरसा बघणारा माणूस कोण असतो? तीन रात्री बाकावर काढलेला नातेवाईक. त्याला स्वतःचा चेहरा समोरून दाखवणे ही काही मोठी मेहेरबानी नव्हे.

रुग्णालयातल्या बागेचा गुण मात्र नुसत्या भावनेवर उभा नाही. संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. नमुना लहान होता, २३ जोड्यांचा. तेवढ्यावरून वास्तुशास्त्र रचू नये. पण याच संशोधकाने पुढे स्वीडनमधल्या उप्साला येथे हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर केलेला अभ्यास शिल्पाच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा आहे. निसर्गदृश्य समोर असलेल्यांची चिंता कमी झाली. सरळ रेषांचे अमूर्त चित्र समोर असलेल्यांची मात्र, समोर काहीच नसलेल्यांपेक्षाही वाढली. आजारी माणूस संदिग्ध आकाराचा अर्थ आपल्या भीतीच्या बाजूने लावतो. कलादालनात जी संदिग्धता आपण गुण मानतो, ती खाटेवरून दिसणाऱ्या बागेत दोष ठरू शकते.

आता हजीऱ्यातच काय टिकले आहे ते पाहू. गौस यांचा मकबरा भव्य आहे: मोठा घुमट, कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज, आणि दगडी जाळ्या अशा की ऊन आत येईतो त्याची नक्षी होते. तानसेनाची समाधी त्यापुढे अगदी साधी, खांबांवरचा उघडा मंडप. तरी गाणाऱ्यांची पावले वळतात ती तिकडे, कारण तिथे करायला काहीतरी आहे. समाधीशेजारच्या चिंचेचा पाला चघळला की गळा सुरेल होतो, अशी समजूत. मूळ झाड राहिले नाही, त्याच जागी दुसरे वाढले, आणि पाला खुडणारे हात तसेच येत राहिले. ग्वाल्हेर संस्थानाने १९२४ साली सुरू केलेल्या तानसेन समारोहाची सुरुवात आजही सकाळी शहनाई, मग ढोलीबुवा मठाची हरिकथा, मग मिलाद आणि चादर अशीच होते. सूफीच्या आवारात मराठी कीर्तनपरंपरेचे बुवा कथा लावतात, याचे ग्वाल्हेरकरांना नवल वाटत नाही. तिकडे शिवपुरीला शिंद्यांच्या छत्र्यांत हीच रीत टोकाला गेलेली दिसते. सख्याराजे आणि त्यांचे पुत्र माधवराव यांच्या मूर्तींना वस्त्रे चढतात, नैवेद्य दाखवला जातो, गाणे होते. आधुनिक मनाला ते अवघड वाटेल. स्मारकाची व्यवस्था म्हणून मात्र ते चोख आहे. कोणी काय आणि केव्हा करायचे, हे तिथे ठरलेले असते.

परदेशातली चांगली उदाहरणेही तपासली तर हाच धागा हाती लागतो. लंडनमध्ये सेंट थॉमस रुग्णालयासमोर थेम्सच्या काठची भिंत मार्च २०२१ पासून स्वयंसेवकांनी लाल बदामांनी भरली, करोनाच्या एका मृतामागे एक. पहिला रंग उन्हापावसात फिका पडला, तेव्हा तेच लोक टिकाऊ रंग घेऊन पुन्हा आले, आणि येतच राहिले. त्या भिंतीला शिल्पकार नाही, सुरुवातीला परवानगीही नव्हती. वॉशिंग्टनचे व्हिएतनाम स्मारक याच्या दुसऱ्या टोकाला. १,४०० हून अधिक प्रवेशिकांतून, नावे झाकून, एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीची, माया लिनची, रचना निवडली गेली. १९८२ साली उभ्या राहिलेल्या त्या भिंतीचा काळा, घोटलेला ग्रॅनाइट बंगळूरकडचा, म्हणजे आपल्याच दख्खनच्या पठाराचा. त्यात मृतांची नावे आणि बघणाऱ्याची सावली एकावर एक पडतात. माणसे नावावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि अक्षरे घरी नेतात. काळा दगड पोलादासारखा लखलखत नाही. त्यात चेहरा दिसतो, पण अंधारातून वर आल्यासारखा. बोटाचा ठसा तिथे खपून जातो.

आक्षेप पुष्कळ आहेत आणि काही वजनदार आहेत. पहिला पैशाचा: प्राणवायूची वाट बघत माणसे गेली, तिथे शिल्प कसले, खाटा वाढवा. खाटा वाढवाव्यातच; जयाजीराव शिंद्यांचे नाव घेऊन उभे राहिलेले ग्वाल्हेरचे जयारोग्य रुग्णालय हेही एका अर्थी स्मारकच आहे. पण त्या नावातला 'जया' कोण, हे केसपेपर काढणाऱ्याला कुठे आठवते? उपयोगी वास्तू उपयोगात विरून जाते, आणि ते तिच्या दृष्टीने चांगलेच. आठवणीला मात्र निराळी जागा लागते. दुसरा आक्षेप, लोकांना विसरायचे आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात सव्वा कोटी ते एक कोटी ऐंशी लाख माणसे नेली असे अंदाज आहेत, आणि चौकाचौकांत पुतळे असलेल्या या देशात त्या मृतांसाठी दगड शोधावा लागतो. पण लोक विसरले म्हणावे तर आपल्याकडे पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा गावोगाव निघत होताच. पटकी गेली तरी शिवेपर्यंत गाडा ढकलायची रीत उरली. स्मरण होते, ते हातापायांत होते. तिसरा आक्षेप नावांचा. वॉशिंग्टनकडे सैन्याचा हजेरीपट होता. इथे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून भारतात ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला, सरकारने तो फेटाळला, आणि सरकारी आकडा त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाचा. अशा स्थितीत नावे कोरणे म्हणजे दगडावर भांडण कोरणे. ज्याचे नाव सुटेल तो माणूस दुसऱ्यांदा जाईल. म्हणून दगड कोराच बरा. राहिला पाण्याचा आक्षेप, आणि तो आरोग्य खात्याचा असल्याने सर्वांत पक्का. आकाश दाखवायला उथळ तळे सुचते, विशेषतः सूरजकुंडाच्या पाण्याने राजाचे कुष्ठ गेले ही कथा ज्या शहराच्या नावामागे आहे तिथे. पण साचलेले पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. रुग्णालयाने ते मुळीच करू नये.

एवढे सगळे वजा केल्यावर उरते ती एक आडवी शिळा: काळा ग्रॅनाइट, वरचा पृष्ठभाग घोटलेला, किंचित उताराचा म्हणजे पाणी थांबणार नाही, गुडघ्याएवढ्या उंचीची, कडुनिंबाखाली, आणि भोवती पाठ टेकता येईल असे बाक. सावलीत असल्याने ती तापणार नाही. उभ्या माणसाला तिच्यात फांद्या आणि आकाश दिसेल. स्वतःचा चेहरा हवा असेल तर वाकावे लागेल, नको असेल तर नाही. शिल्पकाराला यात काम कमी आहे असे समजू नये, कारण उतार, कड आणि घोटाई एवढ्यातच त्याला सगळे सांगायचे आहे. खरी अडचण निविदेत येईल. आपल्याकडे निविदेत शिल्पाची रक्कम असते, चबुतऱ्याची असते, अनावरणाच्या कोनशिलेची तर हमखास असते. देखभाल एका वर्षाची, तीही ठेकेदाराच्या शब्दावर. इथे उलटे करावे. कोनशिला काढून टाकावी आणि तो पैसा पुसण्याच्या वार्षिक तरतुदीत घालावा. साथीत जे वॉर्डबॉय, परिचारिका आणि सफाई कामगार राबले त्यांच्या प्रतिनिधींना निवड समितीत बसवावे. आणि शिळेजवळ नळ, बादली आणि फडके उघड्यावर ठेवावे, कुलपात नव्हे. फडके चोरीला जाईल, हे मान्य. नवे आणावे. बाह्यरुग्ण विभागाची खिडकी उघडायच्या आत एखादी बाई आपला नंबर येईपर्यंत दगडावरून ओले फडके फिरवील, रात्रीची धूळ निघेल, आणि दगड ओला आहे तोवर त्यात कडुनिंब नीट दिसेल.