पाळीव सरड्याच्या आहारात हिरवा पाला

बिअर्डेड ड्रॅगन हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मध्य व पूर्व भागांतील कोरड्या प्रदेशात आढळणारा सरडा होय. गळ्याखालील काटेरी कातडी फुगवून काळी केली म्हणजे ती दाढीसारखी दिसते. यावरून त्यास हे नाव पडले. बंदिस्त जागेत पैदास केलेले हे सरडे अनेक देशांत घरोघरी पाळले जातात आणि भारतातही काही हौशी मंडळी ते पाळू लागली आहेत. किड्यांवर झडप घालणारा हा प्राणी पाल्याला मात्र तोंड लावीत नाही, ही पाळणाऱ्यांची नेहमीची अडचण असते.

पिलांची वाढ झपाट्याने होत असल्यामुळे त्यांना प्रथिने अधिक लागतात. म्हणून लहानपणी त्यांच्या आहारात किडे सुमारे ८० टक्के व वनस्पती २० टक्के ठेवण्याची पद्धत आहे. पूर्ण वाढ झाल्यावर हे प्रमाण नेमके उलटे व्हावयास हवे. परंतु प्राणी आवडीने खातो म्हणून मालक किडेच देत राहतो आणि तीच सवय जडते. रातकिड्यांत स्फुरद पुष्कळ व कॅल्शियम थोडे असते. शरीर मग हाडांतील कॅल्शियम काढून घेऊ लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंगास कंप सुटतो. लठ्ठपणाही येतो.

सवय बदलण्यासाठी उपासमार करण्याचे कारण नाही. सकाळी अंग तापल्यावर प्रथम पाला ठेवावा; किडे नंतर द्यावेत. पाला बारीक चिरून त्यावर पाणी शिंपडावे. त्यात किसलेला तांबडा भोपळा किंवा जास्वंदीच्या पाकळ्या मिसळल्यास रंगाकडे लक्ष वेधते. पाल्यात एखादी हालती अळी सोडली तर ती पकडताना पानही तोंडात जाते. प्रौढ सरड्यास किडे आठवड्यातून दोन-तीन वेळाच द्यावेत. पाला मात्र रोज असावा. काही आठवडे धीर धरणे आवश्यक असते.

शेवग्याचा कोवळा पाला, तुतीची व जास्वंदीची पाने उपयुक्त आहेत. पालक व चुका यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून त्या भाज्या नित्य देऊ नयेत. अळू व कण्हेर सर्वथा वर्ज्य समजावीत. काजवा तर चुकूनही देऊ नये. तो या सरड्यास प्राणघातक ठरू शकतो. फवारणी केलेला पाला टाळावा.

आहार योग्य असूनही ऊब व प्रकाश नसेल तर उपयोग होत नाही. ऊन खाण्याच्या जागी सुमारे ४० अंश सेल्सिअस उष्णता असावी व दुसरी बाजू थंड ठेवावी. कॅल्शियम अंगी लागण्यास 'ड' जीवनसत्त्व लागते व ते त्वचेत अतिनील किरणांमुळे तयार होते. खिडकीची काच हे किरण अडविते. म्हणून काचेआडचे ऊन पुरेसे नाही. त्यासाठी विशेष दिवा लावावा. सरडा खाणे सोडून वाळू लागल्यास पशुवैद्यकास त्वरित दाखवावे.

ही माहिती वाचून रानातील घोरपड घरी आणण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये तिला संरक्षण आहे व तिला पकडणे हा गुन्हा आहे. शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. पाळलेल्या प्राण्याची आवड आणि त्याची गरज या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हेही मुलांना त्यातून शिकता येईल.