तासाचं रेकॉर्डिंग: परवानगी कुणाची आणि कशाची?

अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलांना तिथले सीनियर हमखास सांगतात, ‘प्रोफेसरांचे उच्चार कळले नाहीत तर मोबाइल चालू ठेव, एवढी फी भरतोय आपण!’

फीमुळे तासाला बसता येतं. तास रेकॉर्ड करण्याचा हक्क त्यात आपोआप येत नाही. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत शिक्षकाला आधी न विचारता वर्गात रेकॉर्डिंग करायला कायद्यानेच मनाई आहे. फ्लोरिडात नेमकं उलट. २०२१च्या कायद्यानुसार तिथल्या सरकारी विद्यापीठांत स्वतःच्या अभ्यासासाठी, विद्यापीठाकडे तक्रार करण्यासाठी किंवा कोर्टात पुरावा म्हणून व्याख्यान रेकॉर्ड करायला शिक्षकाची परवानगी लागत नाही.

म्हणजे फ्लोरिडात सगळं मोकळं? हा गैरसमज जास्त महागात पडणारा आहे. सूट फक्त व्याख्यानापुरती आहे. युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाच्या नियमांत प्रयोगशाळेतलं काम, विद्यार्थ्यांची प्रेझेंटेशन्स, परीक्षा आणि खासगी बोलणं ‘व्याख्याना’त मोडत नाही. आणि ‘प्रसिद्ध करणं’ म्हणजे यूट्यूबवर टाकणं एवढंच नव्हे. त्याच वर्गातल्या, त्या दिवशी दांडी मारलेल्या मित्राला फाइल पाठवली तरी ते प्रसिद्ध करणंच ठरतं! शिक्षकाच्या संमतीशिवाय रेकॉर्डिंग प्रसिद्ध केलं, तर कायद्याने दोन लाख डॉलरपर्यंत भरपाईचा दावा लागू शकतो. आपल्याकडे ‘ग्रुपवर टाक रे’ हे किती सहज म्हटलं जातं, ते आठवून पाहा.

भारतात मात्र ‘रेकॉर्ड केलं की कॉपीराइटचा भंग’ अशी उलटी भीती असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ‘परफॉर्मर’च्या व्याख्येत गायक, नर्तक, जादूगार, गारुडी यांच्या पंगतीला व्याख्यान देणाराही बसवला आहे. (प्राध्यापकांनी यात मान पाहावा की अपमान, हे त्यांचं त्यांनी ठरवावं.) पण परफॉर्मरला हक्क देणारा हाच कायदा सांगतो, की स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगने त्या हक्काचा भंग होत नाही. वर्गात मोबाइलबंदी असेल, तर ती कॉलेजच्या शिस्तीची बाब. ती मोडल्याची कारवाईही त्याच नियमांखाली.

अपंग विद्यार्थ्याला रेकॉर्डिंग करू देणं ही शिक्षकाची मेहेरबानी, असंही अनेकांना वाटतं. अमेरिकेत १९७३च्या पुनर्वसन कायद्याखालचे नियम अशा विद्यार्थ्यांवर वर्गात टेपरेकॉर्डरची किंवा इमारतीत मार्गदर्शक कुत्र्याची बंदी घालू देत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. कॅलिफोर्नियाची बंदीही इथे सैल होते. ही सोय सहसा विद्यापीठाच्या अपंगत्व सेवा कार्यालयामार्फत मंजूर होते आणि रेकॉर्डिंग इतरांना न देण्याच्या करारावर सही करावी लागू शकते. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच द्यावा, परीक्षा तोंडावर आल्यावर नव्हे.