आधी तलाव, मग हॉटेल

गोव्यातल्या हॉटेलांना फोन केला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तुमचा पूल किती मीटरचा?’ पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, ‘मॅडम, इन्फिनिटी आहे.’ एकानं तर पुलातच बार असल्याचं कौतुकानं सांगितलं. सोबत येणाऱ्या नवरेमंडळींची सोय झाली म्हणायची! पण आम्हा मास्टर्स, म्हणजे प्रौढ जलतरणपटूंच्या, गटातल्या बायकांना सुट्टीतही पहाटे उठून पोहायचं असतं, आणि त्यासाठी असले पूल कुचकामी.

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली सुरू झालेली अर्धी आयर्नमॅन ही ट्रायथलॉन स्पर्धाच घ्या. तिच्यात समुद्रात १.९ किलोमीटर पोहावं लागतं. पन्नास मीटरच्या तलावात तेवढ्याला ३८ लॅप होतात. हॉटेलच्या बारा मीटरच्या वेड्यावाकड्या पुलात दीडशेहून जास्त! दर आठ-दहा हातांनी भिंत येते, आणि भिंतीला पाय मारला की पुढचे दोन-तीन मीटर फुकटात. घड्याळ खूश होतं, खांदे कच्चेच राहतात. समुद्रात पाय मारायला भिंत कुठून आणणार? शिवाय हे पूल उथळ. भिंतीपाशी कोलांटी मारून वळायला, म्हणजे टंबल टर्न घ्यायला जावं तर टाचा फरशीवर आपटायची भीती. दुपारपर्यंत पाणीही कोमट होतं. स्पर्धेच्या तलावात २५ ते २८ अंशांचं पाणी लागतं. त्याहून गरम पाण्यात जोर लावला की जीव लवकर घामाघूम होतो. पाण्यातही घाम येतो बरं.

म्हणून मी आधी तलाव शोधते. पणजीत कांपालला पन्नास मीटरचा सरकारी तलाव आहे. २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं पोहणं तिथंच झालं. तेव्हा खोली कांपाल किंवा मिरामारला घ्यावी. दोन्ही एकाच दयानंद बांदोडकर मार्गावर, म्हणजे सकाळी तलाव आणि संध्याकाळी समुद्र, दोन्हीकडे चालत जाता येतं. कळंगुट-बागाला स्वस्त खोली मिळाली म्हणून हुरळून जाऊ नये. रोज पहाटे तिथून तलावावर यायला टॅक्सी शोधण्यातच निम्मा उत्साह संपतो.

खोलीचे पैसे भरण्याआधी तलावावर फोन करून तीन गोष्टी विचारा. बाहेरगावच्यांना थोड्या दिवसांसाठी घेतात का, मोठ्यांची बॅच किती वाजता, आणि त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी तलाव बंद तर नाही ना. लेनच्या दोऱ्या बांधलेल्या असतात का, हेही विचारलेलं बरं. नाहीतर शिबिराची पोरं आडवी येतात.

त्यानंतर हॉटेल. पंचतारांकित नको, पण नाश्ता सकाळी आठला सुरू होणार असेल तर केळी आणि उकडलेली अंडी आदल्या रात्री खोलीत देतील का, हे विचारून ठेवा. बाल्कनी हवीच. गोव्याच्या दमट हवेत बंद बाथरूममध्ये टांगलेला कॉस्च्युम दुसऱ्या सकाळीही ओलाच असतो, आणि तो अंगावर चढवण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. दोन कॉस्च्युम न्याच.

जून ते सप्टेंबर मात्र समुद्राचं नाव काढू नका. लाल बावटा लागलेला असतो आणि जीवरक्षक शिट्टी मारून बाहेर काढतात. त्या दिवसांत जायचंच असेल तर फक्त तलावाच्या भरवशावर जा. खोल्याही तेव्हा स्वस्त मिळतात.