ईमॅक्समधला बाइटकोड

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरचा गाभा सी भाषेत आहे. पण त्यातल्या बहुतेक सोयी ईलिस्प या लिस्पच्या बोलीत लिहिलेल्या आहेत. मोडी अक्षरे टंकण्याची सोयही त्यातलीच. ती 2023 सालच्या 29.1 आवृत्तीत आली. तंजावरच्या मराठा दरबाराची मोडी कागदपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तिथून चाळीसेक किलोमीटरवर, कुंभकोणमला बसून त्यांतला एखादा कागद संगणकावर उतरवायचा असेल, तर हीच सोय कामी येते. मोडीचा फाँट तेवढा हवा.

ईलिस्पचा मजकूर थेट चालवला, तर इंटरप्रिटर दर खेपेस कंसांची उतरंड चाळत एकेक सूचना ओळखतो. कंपायलर हे काम आधीच उरकतो आणि त्रोटक सूचनांची मालिका, म्हणजे बाइटकोड, ईएलसी फाइलमध्ये ठेवतो. बेरजेपुरते मग एवढेच उरते: पहिली संख्या चळतीवर ठेव, दुसरी ठेव, दोन्ही उचलून बेरीज ठेव, उत्तर दे. या सूचना कोणत्याही खऱ्या प्रोसेसरच्या नसतात. ईमॅक्सचा सी भाषेतला एक भाग त्या चालवतो. त्यामुळे एकच ईएलसी फाइल निरनिराळ्या प्रोसेसरांवर चालते.

खरी करामत मॅक्रोंची. मॅक्रो स्वतः ईलिस्प मजकूर रचून देतो आणि कंपाइल होतानाच उलगडतो. कोणत्या कळीला कोणते मोडी अक्षर, याचे नियम मूळ फाइलमध्ये साध्या यादीसारखे असतात. मॅक्रो त्यांतून कळींचा फांद्याफांद्यांचा नकाशा रचतो आणि तो ईएलसीत तयारच जातो. वापरणाऱ्याकडे ही खटपट पुन्हा होत नाही. मात्र मॅक्रोची व्याख्या कंपायलरला आधी दिसली नाही, तर तो त्याला साधे फंक्शन समजतो. मग चूक उमटते ती कार्यक्रम चालवल्यावर.

वेगाइतकाच, किंबहुना जास्तच, उपयोग कंपायलरच्या इशाऱ्यांचा होतो: घोषित न केलेले चल, चुकलेली नावे तो तिथल्या तिथे दाखवतो. मूळ फाइल सुधारून पुन्हा कंपाइल करायचे राहिले, तर ईमॅक्स इशारा देतो, पण एरवी जुनी ईएलसीच उचलतो. नवशिके इथे हमखास फसतात.

2022 सालच्या 28.1 आवृत्तीपासून ईलिस्पचे थेट प्रोसेसरच्या भाषेतही रूपांतर करता येते. ती वाटही बाइटकोडच्या कंपायलरमधूनच जाते. फक्त तयार होणारी ईएलएन फाइल त्या त्या जातीच्या यंत्रापुरतीच असते.