आधी बेड, मग हिशेब

सिंगापूरच्या बांधकामांवर आणि जहाजदुरुस्तीच्या यार्डांत राबणारा परदेशी माणूस रात्री ज्या बेडवर अंग टाकतो, तो बेड त्याचा नसतो, त्याच्या नोकरीचा असतो. तुआस, क्रांजी, मंडाई, सुंगेई काडुट अशा शहराच्या कडेच्या भागांत या लोकांच्या डॉर्मिटरी आहेत. मालक बेडमागे डॉर्मवाल्याला महिन्याचे भाडे मोजतो. करोनानंतर हे भाडे ४०० डॉलरच्या पुढे गेले. वर्क परमिट मालकाच्या नावावर आणि बेड परमिटच्या आधारावर, त्यामुळे परमिट रद्द झाले की फाटकावर कार्ड चालेनासे होते. पगारावरून भांडण झाले तर पगाराचे पुढे काय व्हायचे ते होईल, बेड मात्र त्याच आठवड्यात जातो.

रविवारी लिटल इंडियात या कामगारांचे कागद वाचायला, अर्ज भरायला आम्ही काही जण बसतो. माझ्या वाट्याला हिंदी आणि क्वचित मराठी बोलणारे येतात. इतक्या दिवसांत माझे एक मत पक्के झाले आहे. रात्री कुठे झोपायचे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे तडजोडीची रक्कम ठेवणे हाच अन्याय आहे. तो कोणत्याही आकड्यावर सही करतो.

देगलूरकडचा एक वेल्डर, तेलुगू आणि मराठी दोन्ही सफाईने बोलणारा, तेलंगणातल्या एजंटामार्फत इथे आलेला. शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, बॅग भरायला सांगितलंय. रात्रीचं विमान आहे. कागदावर सही कर म्हणतायत." कागदाचा फोटो मागवला. पंधराशे डॉलर मिळाले, आता कंपनीकडे काही येणे नाही, एवढाच मजकूर होता. त्याचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. त्याच्या खोलीतल्या आणखी दोघांनी दुपारीच सही केली होती.

ही घाई का असते, ते समजून घ्यायला हवे. मलेशियन सोडून बाकी प्रत्येक वर्क परमिटवाल्यामागे मालकाला सरकारकडे ५,००० डॉलरची हमी द्यावी लागते. माणूस पसार झाला, तर ती हमी बुडू शकते. शिवाय रिकामा बसलेला माणूस म्हणजे बेडचे भाडे चालूच. छोटा उपकंत्राटदार, ज्याचे स्वतःचेच पैसे वरच्या कंत्राटदाराकडे अडकलेले असतात, त्याला भांडणारा माणूस लवकरात लवकर विमानात बसलेला हवा असतो. त्याची अडचण खरी असते. पण ती वेल्डरच्या तीन महिन्यांच्या घामातून भागवायची नसते.

कायदा इथे कामगाराच्या बाजूने आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. परमिट रद्द झाले तरी, थकलेल्या पगाराचा किंवा कामावरच्या दुखापतीचा दावा चालू असेल, तर दावा निकाली निघून पैसे हातात पडेपर्यंत त्या माणसाच्या राहण्याजेवणाची जबाबदारी मालकाचीच राहते. परमिटच्या अटींतच ते लिहिलेले आहे. मनुष्यबळ मंत्रालय अशा माणसाला स्पेशल पास देते. त्यावर त्याला देशात राहता येते, काम मात्र करता येत नाही. म्हणून दावा दाखल करणे ही छप्पर टिकवण्याची पहिली पायरी ठरते.

त्याला सांगितले, सही करू नकोस, आपण होऊन डॉर्म सोडू नकोस, पासपोर्ट आपल्याजवळ ठेव. दावा ऑनलाइन भरता येतो. तो खाटेवर बसून फोनवर माहिती सांगत गेला, मी एकेक रकाना विचारत गेले. मग कंपनीच्या माणसाला फोन लावला. अशा वेळी आवाज चढवून काही साधत नाही. पैशांचा विषय मी काढलाच नाही. दावा दाखल झाला आहे, तो संपेपर्यंत बेड त्याचाच राहील असे डॉर्मच्या ऑफिसला कळवा, इतकेच म्हटले. तो आधी तिकीट वाया जाईल म्हणाला, मग साहेबांना विचारतो म्हणाला. शेवटी त्याने सध्या राहू देतो असा मेसेज पाठवला. इंग्रजीतली ती एक ओळ आम्ही जपून ठेवली. तोंडी शब्दाला पुढे कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी हिशेबाला बसलो. या कामातला हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण इथेच माणसाच्या हातात काहीतरी येते. पहिला कागद आयपीए, म्हणजे परमिटच्या आधी येणारे तत्त्वतः मंजुरीचे पत्र. मूळ पगार किती, भत्ते किती, घरासाठी कपात किती, हे सारे त्यावर असते. कामगाराची लेखी संमती घेतल्याशिवाय आणि मंत्रालयाला कळवल्याशिवाय मालकाला पगार कमी करता येत नाही की कपात वाढवता येत नाही. वेल्डरच्या आयपीएवर मूळ पगार ८०० डॉलर आणि घरकपात शून्य होती. पगाराच्या पावत्यांवर मात्र दर महिन्याला घराचे १०० डॉलर कापलेले, सलग आठ महिने. ज्या बेडवरून त्याला हुसकावत होते, त्याचे भाडे त्याच्याकडूनच वसूल झाले होते. त्याला हे ठाऊकच नव्हते. पावतीवरची ती ओळ त्याने कधी वाचली नव्हती.

मग ओव्हरटाइम. इथले सूत्र ठरलेले आहे. मासिक मूळ पगाराला १२ ने गुणायचे, आणि ५२ आठवडे गुणिले ४४ तास, म्हणजे २,२८८ ने भागायचे. ८०० डॉलरवाल्याचा तासाचा दर ४ डॉलर २० सेंट पडतो, दीडपटीने ६ डॉलर २९ सेंट. तास किती झाले हे सिद्ध करणे हीच अवघड गोष्ट. हजेरीचे कार्ड कंपनीकडे. पण या माणसाला एक चांगली सवय होती. रोज सुटताना तो साइटच्या फाटकावर उभा राहून बायकोला फोटो पाठवायचा. त्या फोटोंच्या वेळांवरून आणि सुपरवायझरच्या मेसेजवरून आम्ही तीन महिन्यांचे तास वहीत मांडले. ते १८० भरले, म्हणजे १,१३२ डॉलर. पगाराचे २,४००, कपातीचे ८००. एकूण ४,३३२. बेरीज पाहून तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "आणि मी पंधराशेवर जाणार होतो."

मुंबईच्या वाचकाला हे सगळे परके वाटू नये. बीडीडी चाळींत सेवानिवासस्थान म्हणून मिळालेल्या खोल्यांत पोलिसांच्या पिढ्या वाढल्या. निवृत्तीनंतर जागा सोडा म्हणणारे सरकार आणि न सोडणारी कुटुंबे यांच्यात घासाघीस होत पुनर्विकासातल्या घराची किंमत ५० लाखांवरून २५ वर आणि २०२२ मध्ये १५ लाखांवर आली. ती कुटुंबे जागेवर होती, म्हणून त्यांना घासाघीस करता आली. वेल्डरच्या मागे ना पिढ्या, ना चाळ, ना नगरसेवक. त्याच्यापाशी फक्त कंपनीचा तो एक ओळीचा मेसेज होता.

दावा आधी समेटासाठी जातो. टाडम या नावाने ओळखली जाणारी त्रिपक्षीय यंत्रणा २०१७ पासून हे काम करते. इथे मध्यस्थ दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतो, मग वेगवेगळे भेटतो. जमले नाही तर प्रमाणपत्र मिळते आणि चार आठवड्यांत रोजगार दावे न्यायाधिकरणाकडे जाता येते. तिथे वकील चालत नाही, आणि दाव्याची मर्यादा २० हजार डॉलर, युनियनमार्फत गेल्यास ३० हजार.

समेटाच्या बैठकीला मी आत जाऊ शकत नव्हते. बाहेर बसून आम्ही आदल्या दिवसांची तालीम पुन्हा केली. कमीत कमी किती, पैसे कधी, आणि पैसे येईपर्यंत राहायचे कुठे. यातला तिसरा प्रश्न पहिल्यांदा मांडायचा, हे त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतले. कंपनीने हप्ते मागितले तर नाही म्हणायचे नाही, कारण डबघाईला आलेल्या कंपनीकडून पूर्ण रकमेचा हट्ट धरला तर हाती कागदच उरतो. पण हप्त्यांचा काळ बेडवर काढता आला पाहिजे. इथे पुष्कळ समेट फसताना मी पाहिले आहेत. रक्कम चांगली ठरते, पहिला हप्ता मिळतो, माणूस गावी जातो, आणि दुसऱ्या हप्त्यासाठी देगलूरहून सिंगापूरला फोन करत बसतो.

कंपनीने आत २,२०० पासून सुरुवात केली. ओव्हरटाइमचे तास त्यांनी अमान्य केले. वेल्डरने फोटो दाखवले. घरकपातीवर त्यांच्याकडे लेखी संमती नव्हती, तेव्हा ते ८०० डॉलर लगेच मान्य झाले. मध्यस्थाने दोन फेऱ्या मारल्या. शेवटी ३,८०० वर जुळले. २,००० आठवड्यात, १,८०० महिनाअखेरीस. तिकीट वेगळे, कंपनीच्या खर्चाने. आणि दुसरा हप्ता बँकेत जमा होईपर्यंत बेड कायम, हे कलम लेखी. ५३२ डॉलर त्याने सोडले. मला ते टोचले, पण निर्णय त्याचा होता आणि तो विचार करून घेतलेला होता. इथे येण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज गावी चढत होते.

असा समेट डिस्ट्रिक्ट कोर्टात नोंदवता येतो, मग तो कोर्टाच्या आदेशासारखा वसूल करता येतो. आम्ही तो नोंदवून घेतला. दुसरा हप्ता तीन दिवस उशिरा आला. ते तीन दिवस त्याने डॉर्ममध्येच काढले, कुणी हलवले नाही. पैसे दिसल्यावर त्याने आधी घरी पाठवले, मग मला कळवले, आणि लगेच विचारले की त्याच्या खोलीतल्या त्या दोघांचे काही करता येईल का. ते दोघे गावी पोहोचले होते. नोकरी संपल्यापासून सहा महिन्यांत दावा करता येतो, आणि अजून मुदत होती. त्याने त्यांचे नंबर दिले. एकाने आयपीएचा फोटो पाठवला आहे. दुसऱ्याचा फोन अजून लागत नाही.