‘फ्रँकेन्स्टाईन’ हे राक्षसाचं नाव नाही, ते त्याच्या बापाचं आहे

हिवरा आश्रमला (ता. मेहकर) शिकायला असलेली माझी भाची सुट्टीत घरी आली, तेव्हा तिच्या मोबाईलवर ‘फ्रँकेन्स्टाईन’ सुरू होता. नोव्हेंबर 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला, गिलेर्मो देल तोरो यांचा चित्रपट. आपाने तो शिवलेला चेहरा पाहिला आणि "तौबा, हे काय शैतानी बघतेस!" म्हणत मोबाईल पालथा घातला. भाचीने माझ्याकडे दाद मागितली : "मामू, तुम्हीच सांगा. गुन्हेगार कोण? ज्याने बनवलं तो, की जे बनलं ते?"

प्रश्न चांगला होता. दोनशे वर्षं लोक त्यावर भांडत आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. फ्रँकेन्स्टाईन हे राक्षसाचं नाव नाही. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन हा तरुण विद्यार्थी मेलेल्या देहांचे तुकडे जमवून आठ फुटी माणूस घडवतो, त्यात जीव आणतो. तो डोळे उघडतो, आणि त्याचं रूप बघून व्हिक्टर खोलीतून पळ काढतो. पुस्तक संपेपर्यंत त्या जिवाला नाव मिळत नाही. म्हणून लोकांनी त्याला बापाचंच नाव देऊन टाकलं.

ही कादंबरी लिहिणारी मेरी शेली तेव्हा जेमतेम 18 वर्षांची होती. 1815 मध्ये आजच्या इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने 1816 चा युरोपातला उन्हाळा गारठून गेला. जिनिव्हा सरोवराकाठी पावसात अडकलेल्या कवी-मित्रांनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली आणि त्यातून हे पुस्तक निघालं. 1 जानेवारी 1818 ला ते छापलं गेलं तेव्हा त्यावर लेखिकेचं नाव नव्हतं. पण मला या सगळ्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. मेरीची आई तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली. 1815 मध्ये मेरीला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली, ती दोन आठवडेही जगली नाही, तिचं नावसुद्धा ठेवलं गेलं नाही. पुढे मेरीने डायरीत एक स्वप्न लिहून ठेवलं : बाळ नुसतं गार पडलं होतं, विस्तवाजवळ चोळल्यावर ते पुन्हा जिवंत झालं. ही बाई निनावी जिवाची गोष्ट का लिहिते, ते वेगळं सांगायला नको.

आता भाचीचा प्रश्न. आपल्यातले बरेच जण म्हणतील, जीव घालणं अल्लाहचं काम, बंद्याने त्यात हात घातला हाच गुन्हा. ते खरंच आहे. सजीवांची चित्रं, मूर्ती घडवणाऱ्यांना कयामतच्या दिवशी ‘आता यांत जीव घाला’ असं फर्मावलं जाईल, ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. हजरत ईसा (अ.) मातीच्या पक्ष्यात फुंकर घालतात हे कुरआनात येतं, पण तिथे लगेच सांगितलं आहे की तो उडाला अल्लाहच्या हुकमाने.

मग व्हिक्टरचा निकाल इथेच लागला का? कादंबरी नीट वाचली तर तसं वाटत नाही. घडवणं हा एक गुन्हा धरला, तरी खरी बरबादी त्यानंतर सुरू होते. तो जीव जन्मतः खुनी नाही. तो जंगलात भटकतो, एका झोपडीच्या आडोशाला राहून माणसांची भाषा शिकतो, त्या गरीब घरासाठी रात्री गुपचूप लाकडं तोडून ठेवतो. बुडणाऱ्या मुलीला वाचवतो, तर गोळी खातो. त्या घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी प्रेमाने बोलतो, कारण त्याला चेहरा दिसत नाही. मुलगा येतो आणि काठीने झोडपतो. पहिला खून यानंतर होतो.

आपल्याकडे तकरीरींमध्ये हजरत उमर (रजि.) यांचा एक किस्सा सांगतात. एक बाप मुलाची तक्रार घेऊन आला, की हा माझं ऐकत नाही. मुलाने विचारलं, बापावर माझा काही हक्क आहे की नाही? उत्तर मिळालं : चांगली आई निवडणं, चांगलं नाव ठेवणं, कुरआन शिकवणं. मुलगा म्हणाला, यातलं एकही केलेलं नाही, माझं नावसुद्धा किड्याचं ठेवलंय. तेव्हा हजरत उमर बापाला म्हणाले, त्याने तुझा हक्क मारण्याआधी तू त्याचा मारलास. बाळाच्या कानात अजान द्यायची, सातव्या दिवशी नाव आणि अकीका करायचा, हे आपण रीत म्हणून करतो. पण त्यात ‘हा माझा आहे, याचं मी बघीन’ असं सगळ्यांसमोर कबूल करणं आहे. व्हिक्टरने नेमकं तेच टाळलं.

त्याचा दुसरा गुन्हा मला त्याहून काळा वाटतो. त्या जिवाने व्हिक्टरच्या लहान भावाला मारलं, आणि आळ आला जस्टिन या घरातल्या निरपराध मोलकरणीवर. खुनी कोण हे व्हिक्टर ओळखून असतो. लोक वेडा समजतील म्हणून तो बोलत नाही. जस्टिन फासावर जाते. साक्ष लपवणाऱ्याचं मन गुन्हेगार असतं, असं कुरआन सांगतो. व्हिक्टर मात्र मरताना म्हणतो की मागे वळून बघता मला माझं वागणं दोषी वाटत नाही!

पण म्हणून खुनी सुटला असंही नाही. कुणी दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही, हाही कुरआनचाच नियम. ‘माझ्यावर जुलूम झाला’ म्हणून लेकराचा गळा दाबायची परवानगी कुणालाच मिळत नाही. भाचीला मी हेच सांगितलं : हिशेब दोन आहेत आणि दोन्ही पूर्ण आहेत. खुनाचा ज्याचा त्याचा, टाकून दिल्याचा आणि गप्प बसल्याचा बापाचा.

जाता जाता एक सांगायला हवं. याच पुस्तकात एक तुर्की मुसलमान व्यापारी आहे, तो दगाबाज दाखवला आहे, आणि इस्लाममधल्या बायकांबद्दल तेव्हाचे युरोपी समज जसेच्या तसे आले आहेत. चेहऱ्यावरून माणूस ठरवू नका म्हणणारी लेखिका इथे स्वतः तेच करून बसली. मुलींना पुस्तक द्या, आणि हेही दाखवा.

आपल्या महाराष्ट्रात अशी गोष्ट शोधायची तर मी ‘तुंबाड’चं नाव घेईन. 2018 चा हा चित्रपट 2024 मध्ये पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा बऱ्याच पोरांनी पाहिला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे सांगतात की विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची भयकथा सांगितली आणि तिथून हे बीज पडलं. चित्रपटातली देवीची कथा रचलेली आहे : तिचा पहिला मुलगा हस्तर लोभी निघतो, बाकीचे त्याला संपवायला निघतात, पण आई त्याला पोटात लपवते. व्हिक्टरने लेकराला टाकलं, हिने त्याचा गुन्हा पदराखाली घेतला. दोन्हीकडे भोगलं ते दुसऱ्यांनीच.

पण मला तिथला खरा निर्माता विनायक वाटतो. हस्तरच्या मोहरा चोरून हा माणूस पुण्यात घर चालवतो, आणि आपल्या लहान पांडुरंगला दोरावरून त्या विहिरीत उतरायचं शिकवतो. नाव ठेवलंय, खाऊ घातलंय, शिकवलंही आहे. काय शिकवलं, ते बघा. एक दिवस पोरगाच सुचवतो की एकेक मोहोर कशाला, हस्तरची सगळी लंगोटच पळवू. आपण म्हणतो, पोरगं मोबाईलने बिघडलं. मोबाईल हातात कुणी दिला आणि त्यावर आपण स्वतः काय बघत बसतो, हा विषय मात्र निघत नाही.

भाचीला शेवटी मी एक तिसरं पुस्तक सुचवलं, आपाची तक्रार असूनही. इराकी लेखक अहमद सादावी यांचं ‘फ्रँकेन्स्टाईन इन बगदाद’. मूळ अरबी, 2013 चं. 2014 मध्ये त्याला अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अमेरिकी फौजांच्या काळातलं बगदाद, रोज स्फोट. हादी नावाचा भंगारवाला रस्त्यावर पडलेले देहांचे तुकडे गोळा करतो आणि शिवून एक मय्यत पुरी करतो. हेतू नेक आहे : हे कचऱ्यासारखे फेकले जाऊ नयेत, यांचं नीट दफन व्हावं. पण स्फोटात मेलेल्या एका पहारेकऱ्याची रूह त्या देहात शिरते, आणि तो उठून ज्याच्या-ज्याच्या तुकड्यांपासून बनला त्यांचा बदला घ्यायला निघतो. मग अंगाचे तुकडे गळायला लागतात, नवे लागतात, आणि हळूहळू निरपराधांचेही चालतात. हादी त्यालाही नाव देत नाही, फक्त ‘काय ते त्याचं नाव’ अशा अर्थाचा शब्द वापरतो.

शेवटी एका स्फोटात हादीचा चेहरा जळतो आणि ओळखू येईनासा होतो. पोलीस त्यालाच खुनी समजून पकडतात, आणि गुन्हेगार सापडला म्हणून लोक रस्त्यावर आनंद साजरा करतात.