'सैराट'चा शेवट आवाजात कसा सांगायचा? बोईसरच्या लोकलमध्ये ऐकला जाणारा पॉडकास्ट असा बनतो

बोईसरहून चर्चगेटला लोकलने जायला साधारण दोन तास लागतात. 2013 मध्ये लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत सुरू झाली आणि पालघर-बोईसरच्या नोकरदारांसाठी हा प्रवास रोजचा झाला. वाटेत रेंज गेली की व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. आधीच डाउनलोड केलेला पॉडकास्ट मात्र चालू राहतो. सिनेमावर गप्पा मारणाऱ्या मराठी पॉडकास्टरला याहून चांगला श्रोता कुठे मिळणार?

पण गोची अशी की सिनेमा बघायचा असतो आणि पॉडकास्ट ऐकायचा.

नागराज मंजुळेंचा 'सैराट' (2016) घ्या. शेजारीण लहान मुलाला दारात सोडते. ते आत जातं, आईबाप रक्तात पडलेले. मूल रडत बाहेर येतं, मागे रक्ताची इवली पावलं उमटतात. आणि पडद्यावर आवाज शून्य. झिंगाटवर नाचलेलं थिएटर इथे गप्प झालं होतं.

आता ही शांतता पॉडकास्टवर कशी ऐकवणार? हेडफोनमध्ये दहा सेकंद काहीच आलं नाही, तर माणूस मोबाईल काढून बघतो की बंद पडला का. म्हणून ती सांगावी लागते. "शेवट अंगावर येतो" एवढं म्हणून भागत नाही, ते सगळेच म्हणतात. दार, मूल, पावलं, या क्रमाने गेलं तरच ऐकणाऱ्याला दिसतं.

'फँड्री'त (2013) उलटं आहे. डुक्कर पकडायला धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. हा प्रसंग आवाजावरच उभा आहे, दोन वाक्यांत पोहोचतो. स्क्रिप्ट लिहिताना आधी हेच ठरवायचं, कुठला सीन कानाला झेपेल.

मग थेट सिनेमातलं गाणंच वाजवलं तर? कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराला सूट आहे. पण यूट्यूबची ऑटोमॅटिक यंत्रणा आधी गाणं ओळखते, वाद नंतर. तेव्हा अख्खं गाणं लावण्याचा मोह टाळलेला बरा.

रेकॉर्डिंगला स्टुडिओच लागतो असं नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट, पडदे, गाद्या, गोधड्या असलेली खोली आवाज घुमू देत नाही. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर. पंखा बंद (किनारपट्टीच्या घामट हवेत हीच खरी शिक्षा!). बोईसरमधून मुंबई-दिल्ली रेल्वेमार्ग जातो, त्यामुळे भोंगा आला की थांबायचं आणि ते वाक्य पहिल्यापासून बोलायचं. अर्ध्या वाक्याचं जोडकाम कानाला लगेच कळतं.

आवाजाची पातळीही बघावी लागते. अॅपलची शिफारस उणे 16 एलयूएफएसच्या आसपासची आहे. हे एकूण किती मोठं ऐकू येतं याचं माप. ते जुळलं नाही, तर लोकलच्या खडखडाटात पाहुण्याचं बोलणं ऐकायला आवाज वाढवावा लागतो आणि होस्ट हसला की कान फाटतात.

आता मालकीचा मुद्दा, ज्याकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. पॉडकास्टचा कणा म्हणजे आरएसएस फीड, म्हणजे एपिसोडची यादी असलेली एक लिंक. कुठलंही अॅप ती वाचतं आणि नवा एपिसोड श्रोत्याकडे पोहोचवतं. 2024 मध्ये गुगल पॉडकास्ट्स बंद झालं, तेव्हा फीड असलेले कार्यक्रम दुसऱ्या अॅपवर तसेच ऐकता आले. नुसता यूट्यूबवर टाकलेला कार्यक्रम मात्र बाकीच्या अॅप्सवर आपोआप जात नाही. उद्या चॅनलवर गंडांतर आलं तर सबस्क्रायबर सोबत नेता येत नाहीत.

फुकट होस्टिंगवर सुरुवात करायला हरकत नाही. फक्त उद्या होस्ट बदलला तर जुनी फीड नव्या पत्त्यावर वळवता येते का, हे पहिला एपिसोड टाकण्याआधीच तपासायचं.